आव्हानवीराने प्रचार कशावर करावा: पोटापाण्यावर की युद्धावर?

16 मार्च 2004. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष. विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे आव्हानवीर, सेनेटर जॉन केरी, वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनमध्ये माजी सैनिकांसमोर बोलत होते. इराक आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांसाठीच्या 87 अब्ज डॉलरला तुम्ही विरोध का केलात, हा विषय निघाला. केरी म्हणाले, "त्या 87 अब्जांच्या बाजूने मी मत दिलं होतं, त्यानंतर विरोधात दिलं." बुश यांच्या प्रचारयंत्रणेने हे वाक्य उचललं आणि थेट जाहिरातीत घातलं. त्या क्षणापासून केरी हे शब्द फिरवणारे गृहस्थ ठरले.

खरं तर त्यांची भूमिका सरळ होती. श्रीमंतांना दिलेल्या करसवलतीतला काही भाग मागे घ्या आणि त्यातून युद्धाचा खर्च भागवा, या प्रस्तावाला त्यांचा पाठिंबा होता. तो फेटाळला गेला, म्हणून अंतिम विधेयकाला त्यांनी विरोध केला. म्हणजे मुद्दा पैसा कुणाच्या खिशातून जाणार, हा होता. पण प्रश्न युद्धाचा म्हणून विचारला गेला आणि उत्तरही त्याच चौकटीत अडकलं. विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभं राहणाऱ्याने कोणता मुद्दा धरावा, हे ठरवताना मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

युद्धाचा मुद्दा मोहात पाडणारा असतो. शवपेट्या परत येत असतात, लोक अस्वस्थ असतात, राग खरा असतो. पण त्याची वेळ आव्हानवीराच्या हातात नसते. 1864 च्या उन्हाळ्यात, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन हरणार असं खुद्द लिंकनना वाटत होतं. 2 सप्टेंबरला बंडखोर दक्षिणेचं अटलांटा पडलं आणि लिंकन यांचे प्रतिस्पर्धी मॅक्लेलन यांच्या प्रचारातली हवाच गेली. 1972 मध्ये निक्सन यांच्याविरुद्ध मॅकगव्हर्न व्हिएतनाम युद्ध थांबवण्याच्या मुद्द्यावर प्राणपणाने लढले. मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी शांतता हाताशी आली आहे, असं जाहीर केलं. मॅकगव्हर्न तसेही मागे होते, पण त्यांचा हुकमी मुद्दाही हातातून निसटला. पन्नास राज्यांपैकी फक्त मॅसॅच्युसेट्स आणि जोडीला राजधानी वॉशिंग्टन, एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. युद्ध आणि देशाची सुरक्षितता हे मुद्दे मतदाराच्या मनात एकाच गाठीत बांधलेले असतात. 2004 चे एक्झिट पोल बघा. इराक हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मानणाऱ्यांपैकी सुमारे 73 टक्के केरींकडे गेले. पण दहशतवादाला पहिलं स्थान देणाऱ्यांपैकी सुमारे 86 टक्के बुश यांच्याकडे गेले, आणि हा गट संख्येने मोठा होता. इराकबद्दल बोलायला तोंड उघडलं की 11 सप्टेंबरही आठवायचा. अर्थव्यवस्था महत्त्वाची म्हणणारे मात्र पाचातले चार केरींचे होते. त्या विषयाला बुश यांच्या बाजूने ओढणारं असं जोडशेपूट नव्हतं.

आता दुसरी बाजू. मार्च 1991 मध्ये, आखाती युद्ध जिंकल्यावर, थोरल्या बुश यांना गॅलपच्या पाहणीत 89 टक्के पसंती होती. पुढच्या वर्षी बेकारी 7.8 टक्क्यांपर्यंत गेली. 15 ऑक्टोबर 1992 ला रिचमंडच्या वादसभेत बुश घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात सापडले. एका बाईंनी विचारलं, की देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी लागली? बुश चाचपडले. त्यांचे आव्हानवीर, आर्कान्सासचे गव्हर्नर क्लिंटन खुर्चीवरून उठले, त्या बाईंपर्यंत चालत गेले आणि तुम्हाला ती कशी लागली, असं उलट विचारून, नोकरी गेलेली, धंदे बुडालेली माणसं माझ्या राज्यात मी नावानिशी ओळखतो, असं म्हणाले. गंमत नाही, पण मंदी अधिकृतरीत्या मार्च 1991 मध्येच संपली होती. तसं जाहीर मात्र झालं निवडणूक आटोपल्यावर, डिसेंबर 1992 मध्ये. आकडा सुधारला तरी घरात तो जाणवेपर्यंत माणूस सरकारवर नाराज राहतो. आव्हानवीराला हा अवकाश फार मोलाचा.

अर्थात हा मुद्दाही हमखास नाही. 1984 मध्ये अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती, तेव्हा रेगन यांच्याविरुद्ध मॉन्डेल यांना फक्त स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानी एवढंच मिळालं. लोकांच्या हातात पैसा खेळत असताना हलाखी सांगून कोण ऐकणार?

युद्धावर जिंकल्याचं ठळक उदाहरण म्हणजे आयझेनहॉवर. 24 ऑक्टोबर 1952 ला डेट्रॉइटमध्ये ते म्हणाले, मी कोरियाला जाईन. योजना काय, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या महायुद्धातला नॉर्मंडीचा सेनापती जातो म्हणतो, तेवढं लोकांना पुरलं. केरीही व्हिएतनाममध्ये शौर्यपदकं मिळवलेले होते, पण 2002 मध्ये इराक युद्धाच्या अधिकाराला त्यांनी स्वतः मत दिलं होतं. ज्याची सही कागदावर आहे, त्याने त्याच कागदावर प्रचार उभारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोस्टनच्या अधिवेशनात त्यांनी सलाम ठोकून भाषण सुरू केलं आणि ऑगस्टमध्ये विरोधी जाहिरातींनी नेमका त्यांच्या लष्करी सेवेवरच घाव घातला.

तुमचा उमेदवार सुरुवातीपासून युद्धाच्या विरोधात असेल, तर तो मुद्दा पक्षांतर्गत लढतीत वापरा. ओबामांनी 2008 मध्ये तेच केलं. 2002 मध्ये युद्धाच्या बाजूने दिलेल्या मतावरून हिलरी क्लिंटन अडचणीत आल्या आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ही बडी बँक कोसळल्यावर ओबामा पूर्णपणे नोकऱ्या आणि घरांच्या हप्त्यांकडे वळले. समोर विद्यमान राष्ट्राध्यक्ष नव्हता हा फरक आहे, पण क्रम उचलण्याजोगा आहे.

आणि युद्धाबद्दल बोलायचंच असेल, तर त्याचं बिल दाखवा. बोस्टनच्या त्याच भाषणात केरींचं एक वाक्य होतं: बगदादमध्ये अग्निशमन केंद्रं उघडायची आणि अमेरिकेतली बंद करायची, हे चालणार नाही. हंटिंग्टनमध्ये द्यायला हवं होतं ते उत्तर हेच होतं. कारखान्यांना कुलपं लागत असलेल्या ओहायोत केरी सुमारे 1 लाख 18 हजार मतांनी हरले. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातली त्या एका राज्याची 20 मतं त्यांना व्हाइट हाउसमध्ये घेऊन गेली असती.