डीएनएचं मॉडेल: तार-मणी की कार्डशीटचे तुकडे?

दोन्ही प्रकार शाळा-कॉलेजांत रुळलेले आहेत. एकात तारेवर मणी किंवा गोळे ओवून शिडी करायची आणि तिला पीळ द्यायचा. दुसऱ्यात कार्डशीटमधून कापलेले न्यूक्लिओटाइड (शर्करा, फॉस्फेट आणि एक बेस मिळून होणारे डीएनएचे घटक) बाकावर जुळवत जायचे. शर्करा, फॉस्फेट आणि चार बेस वर्गाला माहीत आहेत असं धरू. तयार प्लास्टिकचे संचही मिळतात, पण चाळीस जणांच्या वर्गात एकच संच असला की पाच जण जोडतात आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून ते बाजूला ठेवतो.

देखणेपणात तार-मणी पुढे, यात वाद नाही. प्रदर्शनाच्या टेबलावर ते उभं राहतं आणि पीळ लांबूनही कळतो. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. खरा रेणू २ नॅनोमीटर रुंद आणि त्याचा एक वेढा साधारण ३.४ नॅनोमीटरचा. म्हणजे मॉडेलचा व्यास १० सेंमी असेल तर वेढा १७ सेंमीचा हवा. पुस्तकी हिशेबाने एका वेढ्यात बेसच्या दहा जोड्या, म्हणजे दहा पायऱ्या, तेव्हा पायऱ्या १.७ सेंमी अंतरावर, प्रत्येक आधीच्या पायरीपेक्षा ३६ अंश वळलेली. बाजारात सहज मिळणारे २ सेंमीचे गोळे यात मावत नाहीत. मग मुलं वेढा ताणतात आणि पायऱ्यांमध्ये मोकळी जागा राहते. प्रत्यक्षात जोड्या एकमेकींवर चवडीसारख्या टेकलेल्या असतात, आणि रेणू टिकून राहण्यात या टेकण्याचा मोठा वाटा असतो. डावा पीळ ही दुसरी नेहमीची चूक. मॉडेल उभं धरलं की समोरचा धागा खालून डावीकडून वर उजवीकडे चढला पाहिजे. तसा चढत नसेल तर मॉडेल उलटं धरून उपयोग नाही, पीळ उलगडून पुन्हाच द्यावा लागतो.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मला खटकतं ते वेगळंच. गोळ्याला वर-खाली नसतं. शर्करेचा मणी कुठूनही ओवा, तो तसाच दिसतो. त्यामुळे दोन धागे विरुद्ध दिशांनी धावतात, ही रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मॉडेलमध्ये कुठेच येत नाही. विद्यार्थी चुकला तरी चूक दिसत नाही आणि बरोबर केलं तरी ते सिद्ध होत नाही. पुढे प्रतिकृतीकरण (एका डीएनएपासून तसेच दोन होणं) शिकवताना एक धागा सलग आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी का बनतो, हे कळायला हीच दिशा लागते, आणि ती नसल्यामुळे विद्यार्थी शेवटी पाठांतराकडे वळतात.

कार्डशीटच्या तुकड्यात ही सोय आधीच करता येते. प्रत्येक तुकडा असा आखावा: डावीकडे शर्करेचा पंचकोन, त्याच्या वरच्या अंगाला फॉस्फेट (ही ५′ बाजू), खाली पुढच्या फॉस्फेटसाठी खाच (३′), आणि उजवीकडे बेसची पट्टी. ॲडेनीन व ग्वानिन ६ सेंमी, थायमिन व सायटोसिन ४ सेंमी. जोडी बरोबर लागली तर रुंदी दर वेळी १०. दोन प्युरिन (ॲडेनीन, ग्वानिन) समोरासमोर आले तर १२, दोन पिरिमिडीन (थायमिन, सायटोसिन) आले तर ८. शिडी लगेच फुगते किंवा आक्रसते, शिक्षकाला बोट दाखवावं लागत नाही. हायड्रोजन बंध दाखवायला ए-टी (ॲडेनीन-थायमिन) साठी दोन दात, जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) साठी तीन.

गोंधळ होतो तो दुसरा धागा मांडताना. बेस आत वळवायचा तर तुकडा बाकावरच १८० अंश फिरवायला हवा. पण तसं केलं की अक्षरं उलटी दिसतात, ते मुलांना रुचत नाही, आणि ती तुकडा पान उलटावं तसा पालथा घालतात. बेस आत येतो खरा, पण ५′ वरच राहतं आणि दोन्ही धागे एकाच दिशेचे होतात. यावर दोन उपाय एकदम करावेत. छपाई एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे पांढरी पाठ दिसली की चूक उघडी पडते. शिवाय दात पट्टीच्या मधोमध न ठेवता ॲडेनीन-ग्वानिनवर वरच्या अर्ध्यात काढावेत, आणि थायमिन-सायटोसिनच्या खाचा खालच्या अर्ध्यात. तुकडा फिरवला तरच दात खाचेत बसतात. पालथा घातला तर बसत नाहीत.

साध्या झेरॉक्सच्या कागदाचे दात दुमडतात, जाड कार्डशीटच घ्यावी. धाग्यातले तुकडे चिकटपट्टीने जोडायला हरकत नाही, पण समोरासमोरचे बेस कधीच चिकटवू नयेत. दहा जोड्या जुळल्या की धागे वेगळे करून, आणखी वीस तुकडे घेऊन त्यांच्यासमोर दोन नवे धागे बसवता येतात. फेव्हिकॉलने पक्क्या केलेल्या शिडीचं असं काही करता येत नाही.

पीळ आणि खोबणी (पिळामुळे दोन धाग्यांमध्ये पडणाऱ्या खाचा) कार्डशीटवर दिसत नाहीत, ही तिची खरी उणीव. मात्र साध्या तार-मण्यातही दोन्ही खोबणी सारख्याच रुंद येतात. मोठी सुमारे २.२ आणि लहान १.२ नॅनोमीटर हा फरक तिथेही हरवतो. आणि कार्डशीट म्हणजे लहान मुलांचं काम असं वाटत असेल, तर २८ फेब्रुवारी १९५३ ला डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतला जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे बेसच टेबलावर सरकवत होता. कार्यशाळेतून धातूचे तयार होऊन आले नव्हते. ए-टी आणि जी-सी या जोड्यांचा आकार सारखाच येतो, हे त्याला त्या तुकड्यांवरच दिसलं. आपल्याकडे तोच दिवस विज्ञान दिनाचा, आणि प्रदर्शनात मात्र बहुतेक तार-मणीच मांडलेले असतात.

तुमच्याकडे वेळ एकाच तासिकेचा असेल तर मी कार्डशीट घेईन. दोन असतील तर आधी कार्डशीट, मग तार. आणि तार-मण्याचं मॉडेल आधीच तयार असेल तर ते टाकू नका. प्रत्येक शर्करेच्या मण्यावर ५′ कडून ३′ कडे जाणारा छोटा कागदी बाण चिकटवा, एका धाग्यावर लाल, दुसऱ्यावर निळा. लाल बाण वर जात असतील तर निळे खाली आले पाहिजेत.