स्टेपनी नसलेली कूपे: वऱ्हाडातले आठ महिने, बारा हजार किलोमीटर

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन दारं, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, जोर मागच्या चाकांना, चाकं १९ इंची, ओळखणारे ओळखतील. शून्य ते शंभर किती सेकंदात, हे सगळीकडे छापलेलं आहे. जे कुठेच ठळक छापत नाहीत ते हे, की डिक्कीतला गालिचा उचलला की खाली स्टेपनी नाही. पंक्चर आतून बुजवणाऱ्या सीलंटची एक बाटली आणि हवा भरायला मुठीएवढा कॉम्प्रेसर, बस. नागपूर-पुण्यात हे चालून जातं. दारव्हा-दिग्रसच्या बाजूला ही गाडी कुठवर न्यायची, ते ही बाटलीच ठरवते.

लिहायला निमित्त झालं मागच्या उजव्या टायरचं. त्याच्या साइडला लिंबाएवढा फुगा आला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, 'बाहेरचा मार आहे, वॉरंटीत बसत नाही.' राग येतो, पण उत्तर चूक नाही. टायरचं माप २४५/३५ आर १९, म्हणजे साइडची उंची २४५ च्या ३५ टक्के, जेमतेम ८६ मिलिमीटर. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये एवढंसं रबर चिमटलं की आतले दोरे तुटतात आणि हवा तिथून बाहेर रेटते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कोणी पॅच मारून देतो म्हणाला तर तिथून निघा. साधा विमाही उपयोगाचा नाही: एकट्या टायरचं नुकसान त्यात धरत नाहीत, गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच धरतात आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच. टायरचं वेगळं कव्हर विमा घेतानाच मागायचं. तेव्हा वाचवलेले पैसे एका टायरमध्ये गेले. किंमत वीस हजारांच्या वर.

टायर मिळणं हा पुढचा ताप. तालुक्याच्या दुकानात १५ आणि १६ इंची भरपूर, ट्रॅक्टरचे तर ढीग. १९ इंची नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून मागवावा लागतो. हातात आला की साइडवरचा चार आकडी कोड आधी वाचा. २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. कमी खपाचं माप गोदामात पडून राहतं आणि दुकानदार ते 'नवंच आहे भाऊ' म्हणून देतो.

आता बाटली. चालीत, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात, रुतलेल्या खिळ्याच्या भोकाला, साधारण चार ते सहा मिलिमीटरपर्यंत, ती चालते. साइड कापली गेली तर निरुपयोगी. आपल्याकडे काय रुततं? उन्हाळ्यात बाभळीचा काटा, पीक निघाल्यावर पऱ्हाटी आणि तुराटीचे (कापसाच्या आणि तुरीच्या झाडांचे) तिरपे कापलेले बुडखे. शेताच्या धुऱ्याशी गाडी वळवताना हे बुडखे थेट साइडमध्ये घुसतात. वर पंक्चरवाला सीलंटचा पांढरा चिकटा पाहिला की तोंड फिरवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. रिम धुवा, हवेचा सेन्सर पुसा, हे काम शंभर रुपयांत कोण करेल? बाटलीला एक्सपायरीही असते. जुनी गाडी घेतली तर तारीख बघा.

त्यापेक्षा पट्टीचा ट्यूबलेस पंक्चर किट ठेवा. खिळा लगेच उपटू नका, आधी खडूने खूण करा. मग तो काढून कानशीवाला सुया भोकात पाच-सहा वेळा आत-बाहेर फिरवायचा, पट्टीला सोल्युशन लावून ती दाभणाने दोन्ही टोकं दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी दाबायची, दाभण झटक्यात ओढायचं, टोकं कापायची, साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासायचे. चालीच्या कडेपासून आत दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात भोक असेल तर हे करू नये. तो भाग दर फेरीला वाकतो आणि पट्टी सरकते.

चाक काढायची वेळ आली तर गावातला जॅक गाडीखाली जात नाही. दोन इंच जाडीची फळी डिक्कीत ठेवा, बसलेलं चाक आधी तिच्यावर चढवा, मग जॅक लावा. चोर-नटाची, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटाची, चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात. टोचन करायचा हूक बंपरमध्ये फिरवून बसवायचा असतो आणि काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. ते रस्त्यावर कळण्यापेक्षा घरीच फिरवून बघा.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की सस्पेन्शन फार कडक, बैलगाडी बरी. ते मत मागे घेतो. गाडी ट्रेलरवरून येते तेव्हा टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीआधी ती उतरवायची असते. इथे उतरवलीच नव्हती. चारही चाकांत ४२ पीएसआय, आणि दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगतो ३३. हवा नीट केल्यावर गाडी बदलली. अजूनही कडकच आहे, पण कंबर शाबूत राहते. मोजणी पहाटे, गाडी गार असताना करायची. पारा दर १० अंश चढला की साधारण दीड पीएसआय वाढतो, चालल्याने आणखी. मे महिन्यात दुपारी मीटर ३९ दाखवेल. तेव्हा हवा सोडायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर निघतो, आणि टायर खरा तापतो तो कमी हवेनेच.

रस्त्यांबद्दल. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत आठव्या गिअरला इंजिन जेमतेम दोन हजार फेऱ्यांवर असतं. काँक्रीटवर टायरचा घुमारा मात्र इतका की गाणी वाढवावी लागतात. कारंजा लाडला खाली उतरलं की परीक्षा सुरू. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. लांबून सपाट दिसणाऱ्या रस्त्यात लाटा असतात, कडा तुटलेल्या असतात. साठ-सत्तरच्या वर जाऊ नये. नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून ही गाडी सावकाश नेली तर काही घासत नाही. गावाने स्वतः मुरूम-डांबर टाकून केलेला ब्रेकर अरुंद आणि उंच. तिथे बंपरचा पुढचा ओठ वाचला तरी पोट टेकतं. समोरून कोणी नसेल तर तिरपी घ्या, एका वेळी एकच चाक चढू द्या. इंजिन ऑइलच्या चेंबरखाली कंपनीचं प्लॅस्टिक असतं; ते वारा अडवायला आहे, दगड नाही.

रात्री गावरस्त्याला नकोच. आपली नजर इतकी खाली असते की रोही (नीलगाय) आडवा आला तर आधी त्याचे पाय दिसतात, आणि धड काचेच्या उंचीवर असतं.

हिंगणघाट-वणी बाजूला जिनिंगच्या हंगामात कापसाची उडती रुई खालच्या जाळीतून आत जाऊन रेडिएटरवर आणि त्याच्या पुढच्या एसीच्या कंडेन्सरवर बसते आणि एसी गार करेनासा होतो. मागून पुढे, कमी दाबाने हवा मारा. पुढून मारली तर रुई आणखी आत बसते.

चिखलदऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. परतवाड्याहून वर चढताना दुसरा-तिसरा गिअर, वळणातून निघताना मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वळतात, आणि स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. बाप्पा, त्या तासाभरासाठी वीस हजारांचा टायर विसरायला होतो. उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर धरून ठेवा, ब्रेक तापवू नका.

शेवटी केलेला उपाय असा. याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला कंपनीच १८ इंची चाकं देते, म्हणजे ब्रेकला अडत नाहीत. २४५/४० आर १८ चा बाहेरचा व्यास १९ च्या टायरपेक्षा फक्त मिलिमीटरभर कमी, त्यामुळे वेगाचं मीटर खोटं बोलत नाही, आणि साइड ९८ मिलिमीटर. बारा मिलिमीटर रबर जास्त! वळणात थोडी मऊ वाटते, पण एवढं जाऊ द्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९३ पेक्षा खाली घेऊ नका, हवेचे सेन्सर नवीन लागतील. चार नाही, पाच चाकं घ्या. पाचवं गालिच्याखालच्या खाचेत मावत नाही, ते डिक्कीत आडवं पडतं आणि निम्मी डिक्की खातं. बॅगा मागच्या सीटवर जातात, जिथे तसंही माणूस बसत नाही. चाक पट्ट्याने हुकांना आवळा. मोकळं ठेवलं तर पहिल्याच गावठी ब्रेकरला ते सीटच्या पाठीवर येऊन आदळतं.