साडेतीन ग्रॅमचा टंगस्टन जिग: वॉलआयच्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी

मे महिन्यात मिनेसोटात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडला, तेव्हापासून मी जवळजवळ एकच जिग, म्हणजे जड डोक्याची गरी, वापरला. टंगस्टनचं डोकं, आखूड दांड्याची गरी, वजन 1/8 औंस, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. तीन नगांना नऊ डॉलर मोजले. तेवढ्या पैशात शिशाचे दहा सहज येतात, म्हणून दुकानात पाकीट दोनदा उचलून परत ठेवलं होतं. या घडणीचे जिग बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे मी लिहितोय ते घडणीबद्दल.

आम्ही जातो विनिबिगोशिश तळ्यावर. इथे सगळे त्याला विनीच म्हणतात. शेजारच्या कट फूट सू तळ्याच्या बाजूला वॉलआय अंडी घालायला जातात आणि नंतर ‘द गॅप’ नावाच्या चिंचोळ्या वाटेने विनीत परततात. हंगामाच्या सुरुवातीला त्या तोंडाशी होड्यांची गर्दी असते ती याचसाठी. अंडी घालण्याचा काळ पाणी 42 ते 50 फॅरनहाइटच्या आसपास असताना असतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी 49 होतं. अशा वेळी मोठ्या माद्या थकून खोलाकडे सरकलेल्या असतात, नर मात्र उथळात रेंगाळतात. त्यांना भूक असते, पण आमिषामागे धावण्याइतकं अंग मोकळं झालेलं नसतं. आमिष त्यांच्या नाकासमोर, तळाला लागून, संथ गेलं पाहिजे. इथेच या जिगची खरी परीक्षा होते.

टंगस्टन शिशापेक्षा सुमारे 1.7 पट घन आहे. तेवढ्याच वजनाचं डोकं लहान होतं, आणि कठीण असल्यामुळे तळाला टेकताच त्याचा ठोका रॉडमधून थेट बोटांत येतो. वाळू असेल तर मऊ, गोटे असतील तर टक् टक्, कोवळं शेवाळ असेल तर नुसती चिकट ओढ. आठ फूट पाण्यात होडी वाऱ्यावर सोडून मी तळाचा नकाशा हातानेच वाचत होतो. शिशाच्या जिगनेही तळ कळतो, नाही असं नाही. पण थंडीने बोटं बधिर झाली की हा फरक फार जाणवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, “बाबा, दगडात अडकलं.”

“ओढू नकोस. टोक थोडं खाली कर आणि बघ, जड होतंय का?”

“होतंय. हलतंय पण!”

सोळा इंचांचा नर होता. थंड पाण्यातला वॉलआय बहुतेक वेळा झटका देत नाही, खाली पडणारा जिग तोंडात घेतो आणि तसाच थांबतो. दोरी सैल पडली किंवा गरी उगाच जड लागली तर तो मासाच समजावा. जिग सहा इंच उचलायचा, ताणलेल्या दोरीवरच खाली जाऊ द्यायचा, मग मनात पाच मोजायचे. लेकीला हे पाच मोजणं जमलं तसे मासे लागायला लागले.

आखूड दांड्याचा फायदा जिवंत शायनर, म्हणजे आमिषाची छोटी मासोळी, लावताना कळतो. गरी तोंडातून घालून डोक्यामागे वर काढली की मासोळी जिगच्या डोक्याला चिकटून बसते. लांब दांड्याच्या गरीवर प्लास्टिकची शेपटी छान बसते, पण मेच्या सुरुवातीला मी शायनरच लावीन.

आता तक्रार. दोन पाकिटांतल्या सहापैकी चार जिगच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात, रंग भरलेला होता. पहाटे साडेपाचला, गार वाऱ्यात, दुसऱ्या गरीच्या टोकाने तो रंग खरवडत बसणं म्हणजे छळ आहे. या किमतीच्या मालात हे चालत नाही. घरीच सुईने डोळे साफ करून ठेवा. गोट्यांवर आपटून दोन दिवसांत रंग उडाला, त्याने मासे कमी लागले असं मात्र वाटलं नाही.

वारा वाढला की 1/8 अपुरा पडतो. वॉलआयला मंद उजेड मानवतो, त्याच्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला चकाकता पडदा अंधुक पाण्यातही त्याला दाखवतो. म्हणून लाटा उठून उजेड मोडला की भर दुपारीही तो खातो, आणि नेमकी तेव्हाच होडी जोरात वाहते. तिसऱ्या दिवशी 1/4 औंस लावावा लागला.

किमतीबद्दल शेवटी माझं मन वळलं ते लूनमुळे. मिनेसोटाचा हा राज्यपक्षी आमच्या होडीपासून वीस फुटांवर बुड्या मारत होता. शिशाचा एक जिग त्याच्या पोटात गेला तरी तो विषबाधेने मरतो. दोरी दगडात अडकून तुटते, जिग तळाशी राहतात. माझेच दोन राहिले. ते शिशाचे नव्हते याचं मला खरंच समाधान आहे.

पुढच्या मेसाठी पोपटी रंगाची 1/8ची दोन पाकिटं आणि 1/4चं एक मागवलंय. गुलाबी लेकीला हवाय, तो वेगळा घेईन.