बेटावरचा किनारा रंगवायचाय: ऑइल घ्यावं की अ‍ॅक्रिलिक?

अंदमानातला राधानगर किनारा कॅनव्हासवर उतरवायचा असेल, तर रंग कुठले घ्यायचे हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही माध्यमांत मी समुद्र रंगवलाय, पण परभणीत बसून. त्यामुळे सांगतोय ते इथल्या हवेपुरतं. कोकणातला चित्रकार कदाचित उलटंच सांगेल.

आकाशात ऑइलचा हात कुणी धरणार नाही. हा किनारा पश्चिमेला आहे, संध्याकाळचा केशरी निळ्यात विरत जातो. ऑइल ओलं राहतं, त्यामुळे तो उतार निवांत मिसळता येतो. मे महिन्यात अ‍ॅक्रिलिकचा हात पुढे जाईस्तोवर मागचा वाळलेला असतो आणि मधे पट्टा उमटतो.

तरी ऑइल माझ्याकडून सुटलं ते धुळीपायी. ऑइल रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पातळ थरालाही काही दिवस लागतात. (पांढऱ्यात बऱ्याचदा आपली करडई असते, ती कमी पिवळी पडते.) तेवढ्यात वावटळ उठते, नाहीतर शेजारच्या वावरात हरभऱ्याचं मळणीयंत्र चालू होतं. पावसाळ्यात धूळ कमी होते, तर दिव्यावरची पाखरं येऊन चिकटतात. ओल्यातून काढावीत तर रंग ओढला जातो, वाळल्यावर खरडावीत तर खड्डा पडतो. वाळूच्या भागात कण खपूनही जातील, पण आकाशात? खोली बंद ठेवावी, तर घरभर रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास.

अ‍ॅक्रिलिकची घाई त्यामानाने आवरता येते. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. पंखा बंद. कूलरने खोली ओलसर राहते ते चांगलंच, फक्त झोत कॅनव्हासवर नको. आकाश सकाळी लवकर, रुंद ब्रशने एका दमात उरकावं. ओलेपणी अ‍ॅक्रिलिकमधलं इमल्शन (रंग धरून ठेवणारा द्रव) दुधाळ असतं, वाळल्यावर रंग जरा गडद होतो. म्हणून उथळ पाण्याचा फिरोजी थोडा फिकाच कालवावा.

आणि लाटांचा फेस तर अ‍ॅक्रिलिकमध्येच सोपा. निळा वाळला की कोरड्या ब्रशने टायटॅनियम व्हाइट फिरवा, पांढरा पांढराच राहतो. ओल्या ऑइलवर तेच केलं की खालचा निळा वर येतो.

बंद होणारी, हवेशीर वेगळी खोली असेल आणि सूर्यास्तच काढायचा असेल, तर ऑइलला नाही म्हणवत नाही. दोन्ही हवं असेल तर खाली अ‍ॅक्रिलिक, वर ऑइल चालतं. उलट करू नका, तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात. भर दुपारचा किनारा, फिरोजी पाणी, पांढरी वाळू असं डोक्यात असेल, तर मी तरी अ‍ॅक्रिलिकच उचलेन.