मुलांच्या चित्रांवर मोबाइलमध्ये काम : प्राथमिक वर्गासाठी कोणते साधन निवडावे?

मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चित्रकलेसाठी स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो. कलेचा तासही वर्गशिक्षकच घेतात आणि त्यांच्या हाताशी साधन म्हणून असतो तो बहुधा स्वतःचाच मोबाइल. मुलांनी तेलखडूने किंवा जलरंगाने काढलेल्या चित्राचा फोटो घ्यावा, त्यावर ॲपमध्ये काम करावे आणि एका चित्रातून दुसरे चित्र घडवावे, असा उपक्रम योजणाऱ्या शिक्षकापुढे स्नॅपसीड, कॅनव्हा आणि पिक्सआर्ट ही तीन ॲप्स येतात. चौथी वाट झेरॉक्स, कात्री आणि डिंकाची आहे, आणि तिला या तुलनेतून वगळणे योग्य नव्हे. माझी कसोटी एकच आहे : चित्राचा कोणता भाग ठेवायचा, कोणता रंग बदलायचा हे मूल ठरवते की ॲप? परिणाम किती देखणा झाला, हा त्यानंतरचा प्रश्न.

स्नॅपसीड हे ॲप २०१२ मध्ये गुगलकडे आले. ते मोफत आहे, त्यात जाहिराती येत नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि एकदा मोबाइलमध्ये घेतल्यावर ते इंटरनेटशिवाय चालते. वाडी-तांड्यावरच्या ज्या शाळेत रेंजसाठी पटांगणाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभे राहावे लागते, तिथे ही शेवटची गोष्ट निर्णायक ठरते. मात्र त्याचे खरे बळ त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक बदल स्वतंत्र पायरी म्हणून नोंदला जातो, त्यामुळे मागे जाऊन नेमकी एखादी पायरी सौम्य करता येते किंवा काढून टाकता येते, आणि निर्यात केलेली प्रत वेगळी साठवली गेल्याने मूळ फोटो तसाच राहतो. वर्गाच्या दृष्टीने त्यातील ‘डबल एक्स्पोजर’ हे साधन सर्वांत मोलाचे आहे. पोळ्यानंतर मुलांनी काढलेला बैल आणि गावातल्या पडक्या गढीच्या भिंतीचा फोटो एकावर एक ठेवले, की भिंतीचा खरबरीतपणा बैलाच्या अंगावर उतरतो. तो किती उतरू द्यायचा, हे पट्टीवर बोट सरकवणारे मूल ठरवते. तेच चित्र कृष्णधवल केले, तर लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी वाटणारे रंग कधी कधी एकाच करड्या छटेचे निघतात. रंग आणि छटा यांतला फरक फळ्यावर समजावण्यापेक्षा असा लवकर उमगतो. उणीव अशी, की त्यात मराठी मजकुराची मांडणी किंवा आकृतीच्या अनेक प्रती जोडणे सोयीचे नाही.

नेमके तेच काम कॅनव्हात उत्तम होते. मुलाने पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा आसावलीची वेल अर्धीच काढली असेल, तर तिचा फोटो घेऊन, पार्श्वभूमी काढून टाकून, प्रती करून आणि उलटवून पूर्ण काठ तयार करता येतो. पुनरावृत्ती आणि सममिती या दोन कल्पना एकाच तासात हाताळल्या जातात. शिक्षकांसाठी असलेली कॅनव्हाची शैक्षणिक आवृत्ती मोफत आहे आणि पार्श्वभूमी काढण्याची सोय तिच्यात मिळते, परंतु त्यासाठी आपण शिक्षक असल्याची पडताळणी करून घ्यावी लागते. देवनागरी अक्षरे असल्याने भित्तिपत्रक आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठीही ते उपयोगी पडते. अडचण इंटरनेटची आहेच. त्याहून मोठी अडचण तयार चित्रांच्या आणि साच्यांच्या भांडाराची आहे, कारण ते समोर दिसताच मुले स्वतःचा वाकडातिकडा मोर सोडून तिथला गुळगुळीत मोर उचलतात. म्हणून कॅनव्हात काम करताना ‘आपल्या फोटोंखेरीज काहीही घ्यायचे नाही’ हा नियम आधी सांगावा लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहत बसावे लागते.

पिक्सआर्टमध्ये क्षमता भरपूर आहे, पण मोफत आवृत्तीतील जाहिराती, वर्गणीची आमंत्रणे आणि अनोळखी लोकांच्या चित्रांचा सार्वजनिक मंच पाहता आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका स्पर्शात चित्राला तैलचित्राचे रूप देणाऱ्या फिल्टरांबद्दलही तेच. तिथे मुलाच्या वाट्याला फक्त ‘होय’ म्हणणे उरते.

झेरॉक्सची वाट जुनी म्हणून दुय्यम ठरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे १ शिक्षक धरला, तर ४० मिनिटांच्या तासात एकाच मोबाइलवर प्रत्येक मुलाला दीड मिनिटही मिळत नाही. पाच-पाच मुलांचे गट केले तरी प्रत्येक गटाला सहा-सात मिनिटेच मिळतात. याउलट प्रत्येकाच्या चित्राच्या दोन काळ्या-पांढऱ्या प्रती काढून आणल्या, तर तीसही मुले एकाच वेळी कापतात, जोडतात, नव्याने रंगवतात आणि मूळ चित्र बिघडण्याची धास्तीही राहत नाही. तेलखडूचे फिके रंग झेरॉक्समध्ये उडतात, त्यामुळे बाह्यरेषा आधी ठळक करून घ्याव्यात. पहिली-दुसरीसाठी मी हाच पर्याय निवडेन. तिसरीपासून पुढे स्नॅपसीड गटागटाने द्यावे, एक गट मोबाइलवर असताना बाकीच्यांनी कागदावर काम करावे. कॅनव्हा मात्र सत्राच्या शेवटी शिक्षकाच्याच खात्यावरून, मुलांना शेजारी बसवून वापरावे.

कोणतेही ॲप घेतले तरी फोटो नीट नसेल तर पुढचे श्रम वाया जातात. उन्हात कागद चमकतो आणि वर्गात शिक्षकाचीच सावली चित्रावर पडते. व्हरांड्यातील सावलीत, कागद जमिनीवर ठेवून, मोबाइल त्याला समांतर धरलेला बरा. तरीही कडा तिरक्या आल्या, तर स्नॅपसीडमधील ‘पर्स्पेक्टिव्ह’ने त्या सरळ होतात. ए-४ आकारात ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी) छापण्यासाठी सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणून छपाईला द्यायची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर ती आकसते.

पालकांच्या गटावर चित्र टाकण्यापूर्वी कोपऱ्यातील नाव आणि इयत्ता कापून टाकावी, आणि फोटोत मुलाचा चेहरा येऊ देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांच्या नावाने एकही खाते उघडले नाही, तर यातील बरीचशी गुंतागुंत टळते, आणि या मुद्द्यावर खाते न मागणारे स्नॅपसीड पुन्हा सरस ठरते.