सील पॅक ब्रेक पॅड, "जुने द्या शंभर कमी करतो", आणि तुळजापूरचा घाट

आधीच कबूल करतो, गाडीचे ब्रेक पॅड घेताना मी फसलो, यात निम्मी चूक माझी आहे. त्यामुळं "मग बिल का नाही घेतलंस" असं कुणाला विचारायचं असेल तर ते बायकोनं, आईनं, अण्णांनी आणि शेजारच्या काकांनीसुद्धा विचारून झालंय. तरी लिहितोय, कारण जुन्या गाडीचं किरकोळ काम घरीच करणारे बरेच जण आहेत आणि हा प्रकार नेमका आपल्यासारख्यांवरच चालतो.

गाडी म्हणजे अण्णांची मारुती ८००. १९९६ची, पांढरी, कार्बोरेटरवाली, एमएच १३ पासिंग. कंपनीनं २०१४ला ८०० बनवायची बंद केली पण आमच्या घरात ती बंद पडायचं नाव घेत नाही. १५ वर्षं झाल्यावर आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत रिन्यूअलला न्यायची असते, तेव्हा अण्णा तिला असं धुवून पुसून नेतात की घरात पोरगी बघायला पाहुणे येणारेत. सरकारी हिशोबानं विंटेज व्हायला ५० वर्षं लागतात, आमच्यासाठी मात्र ती आत्ताच क्लासिक.

तर या गाडीला पुढं डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवतात, मागं ड्रम. गेल्या सप्टेंबरात पुढून बारीक चिरका आवाज यायला लागला, चाक काढून बघितलं तर पॅडवर जेमतेम ३ मिमी घासणारं मटेरियल राहिलेलं. पॅड बदलणं मी आधी दोनदा केलंय, अवघड काही नाही, शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर जुळे सोलापुरात आमच्या दारातच सुरू केलं. मागच्या चाकांना दगड, जॅक, जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड, कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला आणि तारेनं बांधला, ब्रेक फ्लुइडच्या रबरी होजवर लटकत ठेवायचा नसतो. दोन्ही बाजूचे मिळून चार पॅड काढले आणि पोराला दम दिला की आता कुणी ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही, पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येईल. आणि सँपल म्हणून ते जुने चार पॅड पिशवीत टाकून ॲक्टिव्हा काढली.

इथं पहिली चूक. गाडी दारात उघडी ठेवून पार्ट आणायला गेलो म्हणजे आपण आधीच घाईत असतो आणि दुकानदाराला ते आपल्या काळ्या हातावरूनच दिसतं.

नेहमीचं दुकान बंद होतं. दुसऱ्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. त्यानं एका नामांकित कंपनीचा बॉक्स काढून समोर ठेवला. सील पॅक. म्हणाला, "मालक, कंपनीचं हाय. ८५० ला देतो तुम्हाला." मी म्हणलं बिल? तर म्हणतो, "बिलाचं वेगळं पडंल बघा, टॅक्स लागतंय. आणि ब्रेक पॅडला बिल काय करताव, उद्या काय झालं तर मी इथंच हाय की, कुठं पळून चाललोय?" मग पिशवीकडं बघून, "जुने पॅड आणलाव का? ते द्या, शंभर कमी करतो."

मला वाटलं चांगलंच आहे की, भंगारात याचे कुणी वीस रुपये देणार नाही. ७५० फोन पेवर टाकले, क्यूआरवर नाव भलत्याच कुणाचं तरी आलं, तेव्हा काही वाटलं नाही. घरी आलो.

आता जे मला दिसलं आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं ते सांगतो. बॉक्सवर एमआरपी छापलेली नव्हती, स्टिकर होतं, आणि त्या स्टिकरखाली आधीचं काहीतरी छापलेलं अर्धवट दिसत होतं. पॅड बाहेर काढले तर ताज्या काळ्या रंगाचा वास, दिवाळीत ग्रिलला मारतात तसला. चारपैकी एक पॅड कॅलिपरच्या खाचेत बसेना, कडेला रंगाचा थर जाड होता, मी कानस मारून बसवला आणि वर स्वतःवरच खूष झालो. पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीवर रंगाखाली बारीक खड्डे जाणवत होते, देवीचे व्रण असतात तसे. नव्या लोखंडाला खड्डे कशाला असतील? हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता.

बाकी काम सगळं नीट केलं, हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं यावरच सगळं ढकललं गेलं. पिस्टन लाकडाची पट्टी मधे धरून सी क्लॅम्पनं हळूहळू मागं दाबला, बोनेट उघडं ठेवून फ्लुइडच्या बाटलीवर नजर, कारण फ्लुइड वर येऊन सांडलं की पेंट खातं. डिस्क पुसून घेतली, पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागू दिला नाही. चाकं लावून नट समोरासमोरचे आवळले. पेडल कडक लागेपर्यंत पंप केलं आणि मगच गाडी हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विजापूर रोडला मोकळ्यावर नेऊन हलके हलके ब्रेक मारत पॅड बसवून घेतले. नंतर दोन-तीन आठवडे सात रस्ता, नवी पेठ, भाजी, शाळा, सगळं व्यवस्थित. गावात ब्रेक तापतोच कुठं.

मग तुळजापूर. नवरात्रात गर्दी आणि कोजागिरीला सोलापूरहून चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला, म्हणून त्यानंतर जायचं ठरलं, आणि आईला मंगळवारच पाहिजे. सोलापूरपासून ४५ किमी, जाताना काहीच त्रास नाही, चढ असतो. दर्शन झालं, दुपारी निघालो, गाडीत मी, आई, बायको, पोरगा. घाट उतरताना माझ्यापुढं उसाचा ट्रॅक्टर डबल ट्रॉली घेऊन, त्यामुळं सारखा ब्रेक, सोड, परत ब्रेक. तिसऱ्या की चौथ्या वळणाला जळका वास आला. मला वाटलं ट्रॅक्टरचा. मग एक "टक्" असा आवाज, पेडल एकदम खाली, आणि परत ब्रेक मारला तर खर्रर्र करून गाडी उजवीकडं ओढली. उजवीकडं म्हणजे समोरून चढणाऱ्या गाड्यांच्या अंगावर.

हे लिहिताना पण तळहाताला घाम आलाय. काय केलं ते नीट आठवत नाही, बायको सांगते मी "धरा" एवढंच ओरडलो. गिअर दुसऱ्यात घातला, इंजिन बोंबललं, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढला. तो केबलवर मागच्या ड्रमला चालतो, त्याचा पुढच्या भानगडीशी संबंध नाही, तेवढ्यावर वाचलो. डाव्या बाजूला मातीत गाडी घातली आणि थांबली. आई तोंडातल्या तोंडात भवानीचं नाव घेत होती, पोरगं मागं कुरमुऱ्याचा प्रसाद सांडला म्हणून रडत होतं.

टोइंगवाला तासाभरानं आला. तामलवाडीच्या पुढं येईपर्यंत आम्ही कुणी एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रींकडं चाक उघडलं, त्यांना सगळे चाचा म्हणतात, ८०० बाजारात नव्या होत्या तेव्हापासूनचे. डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचं मटेरियल पट्टीपासून पूर्ण सुटून पडलेलं, नुसतं लोखंड डिस्कवर घासून डिस्कला रेघोट्या. पिस्टन एवढा बाहेर आला होता की अजून थोडं दाबलं असतं तर फ्लुइड सगळं बाहेर. चाचांनी ती पट्टी रॉकेलच्या चिंधीनं पुसली, काळा रंग निघाला, खाली गंज. आणि एका कोपऱ्यात पंचनं मारलेले दोन ठिपके. म्हणाले, "हे कुणीतरी मिस्त्रीनं डावं-उजवं कळायला मारलेलं हाय. ही पट्टी आधी कुठल्या तरी गाडीत चाललीय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. चांगला पॅड बनवताना लोखंडी पट्टी घासून साफ करतात आणि मटेरियल तिच्यावर उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात, म्हणून तो तापला तरी सुटत नाही. हे लोक काय करतात, वापरलेले पॅड गोळा करतात, उरलेलं मटेरियल खरवडतात, गंजावरच गोंद लावून स्वस्तातलं लायनिंग बसवतात, वर रंग. गावात चालवलं तर महिनोन् महिने काही होत नाही. घाटात तापला की गोंद सोडतो. बॉक्स? गॅरेजमधून रिकामे खरे बॉक्स भंगारात जातात तिथून मिळतात, सील काय कुणीही मारतं.

मी विचारलं, आणि वापरलेले पॅड कुठून आणतात? चाचा माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा डोक्यात उजेड पडला की मी स्वतः चार पॅड पिशवीत घालून त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवले होते. शंभर रुपये भंगाराचे नव्हतेच, तो त्याचा कच्चा माल होता. आता माझ्या अण्णांच्या गाडीचे पॅड रंग मारून कुणाच्या चाकात बसलेत देव जाणे. त्या रात्री मला झोप लागली नाही ती घाटामुळं नाही, यामुळं.

खर्च सांगतो. टोइंग १८००, दोन डिस्क २४००, खरे पॅड बिलासकट ९८०, कॅलिपर किट ३५०, फ्लुइड २२०, मजुरी ९००. झाले ६६५०. वाचवले होते २३०.

खरा आणि हा पॅड शेजारी ठेवले तर फरक आंधळ्यालाही कळेल, पण दुकानात शेजारी खरा नसतो ना. म्हणून निदान एवढं बघा, पट्टीवर रंगाखाली खड्डे आहेत का, मटेरियल आणि पट्टीच्या मधल्या सांध्यात नख जातंय का, चारही पॅड सारख्या जाडीचे आहेत का. पट्टीवर कंपनीचा कोड कोरलेला किंवा छापलेला असतो, माझ्या पॅडवर काहीच नव्हतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर हे सगळं कायद्यानं लागतं, एमआरपीवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तिथूनच मागं फिरा. आणि पार्ट आधी आणा, बघून घ्या, मग गाडी उघडा.

तक्रारीचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मी लावली. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं यूपीआयचा स्क्रीनशॉट, तोही भलत्या नावाचा. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून २ वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांच्या आतल्या मालाला फी पण नाही, वकील मित्रानं सांगितलं स्क्रीनशॉटवर प्रयत्न करता येईल पण तो माल त्याच दुकानातला हे दाखवायला घाम निघेल. म्हणून वर दुकानाचं नाव लिहिलं नाही, हातात कागद नाही तर आळ उलटा माझ्यावरच यायचा.

शेवटी एकटाच दुकानात गेलो. सुटलेला पॅड रुमालात गुंडाळून. त्यानं तो उलटासुलटा केला आणि पहिलाच प्रश्न, "बसवला कुणी?" मी म्हणलं मी, घरी. संपलं. "मग काय मालक, फिटिंग चुकलंय तुमचं. पिस्टन जाम झाला असंल, पॅड जळला. घरी करायचं काम हाय का हे? मिस्त्रीनं बसवलं असतं तर मी बदलून दिलं असतं." मागं बसलेली दोन गिऱ्हाईकं पण मान हलवायला लागली. मी गंज दाखवला, ठिपके दाखवले, तर म्हणे कंपनी मारती ते. आवाज वाढला तसं त्यानं गल्ल्यातून पाचशेची नोट काढून माझ्यापुढं टाकली. "घ्या, आणि विषय संपवा. सकाळसकाळी भांडण नको."

खरं सांगतो, घेतली. स्वतःचीच लाज वाटली पण घेतली. पॅड रुमालात बांधून पायरी उतरलो तर मागून हाक आली.

"ओ मालक, तो पॅड ठेवून जावा की हितंच. तुम्हाला काय उपयोग त्याचा?"