ग्रीक आधी की सिरियॅक? आद्य ख्रिस्ती धर्माच्या पदव्युत्तर अभ्यासाची दिशा ठरवताना

मुंबईत संस्कृत किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेला आणि आद्य ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाकडे वळू पाहणारा विद्यार्थी बहुधा आधी प्रवेश कुठे घ्यावा हे विचारतो. माझ्या मते मूळ साधने कोणत्या भाषेत वाचायची, हे त्याआधी ठरले पाहिजे, कारण संस्थेची निवड पुष्कळशी त्यावरच अवलंबून असते.

येशू, पौल आणि नव्या कराराची घडण हा ज्याच्या कुतूहलाचा विषय आहे, त्याला ग्रीकला पर्याय नाही. नव्या कराराची 27 ही पुस्तके कोइने, म्हणजे त्या काळच्या बोलीव्यवहाराच्या ग्रीकमध्ये आहेत आणि 325 च्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेतील वादही ग्रीक परिभाषेतच झाला. संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही भाषा फारशी परकी वाटत नाही; विभक्तिप्रत्यय, आत्मनेपदाशी जुळणारे मध्यम रूप आणि भूतकाळात धातूच्या आधी लागणारा आगम हे सारे त्याच्या ओळखीचे असते. पुण्याची ज्ञानदीप ही संस्था जवळ आहे, बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजही आहे. मात्र या संस्थांची चौकट ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) आहे. बंगळूरचे कॉलेज ज्या सेरामपूर सिनेटशी संलग्न आहे, तिच्या पद्धतीत एम.टीएच. या ईशज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीपूर्वी बी.डी. ही पदवी लागते, त्यामुळे ज्याला केवळ इतिहास किंवा भाषाशास्त्र करायचे आहे, त्याने या वाढीव वर्षांचा हिशेब आधीच केलेला बरा.

सिरियॅक ही अरामी भाषेची एडेसा येथील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा परिसरातील बोली. 373 मध्ये निवर्तलेल्या एफ्रेम या ख्रिस्ती कवीची स्तोत्रे तिच्यातच आहेत. तीन व्यंजनांच्या धातूंवर उभी असलेली आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी ही भाषा संस्कृतवाल्याला सुरुवातीला जड जाते. अरबी शिकलेल्याला तितकी जात नाही. कोट्टयमची सेंट एफ्रेम एक्युमेनिकल रिसर्च इन्स्टिट्यूट 1985 पासून याच भाषेच्या अभ्यासाला वाहिलेली आहे, आणि केरळातील काही चर्चमध्ये सिरियॅक अजून उपासनेत ऐकू येते. ग्रंथातली भाषा कानावर पडण्याची ही सोय युरोपातल्या फार थोड्या विद्यापीठांच्या आसपास मिळेल.

भारताच्या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती धर्म अभ्यासायचा असेल, तर सिरियॅकचे पारडे मला स्पष्टपणे जड वाटते. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टीस या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने कल्लियाना येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि बरेच अभ्यासक कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे मानतात. नोंद ग्रीकमधली, पण त्या बिशपच्या चर्चची भाषा सिरियॅक. थोमा या प्रेषिताच्या भारतयात्रेची कथा सांगणाऱ्या थोमाची कृत्ये या ग्रंथाचेही ग्रीक आणि सिरियॅक असे दोन्ही पाठ हाताशी घ्यावे लागतात. इथे एक तिसरी भाषाही येते: कोट्टयमच्या वलियपळ्ळी चर्चमधील प्राचीन क्रुसावर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतील लेख आहे. पहलवीच्या परंपरेचे दार मुंबईत पारशी विद्वानांमुळे कधीच बंद झाले नाही, आणि फोर्टमधील के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय 1916 पासून त्याच कामासाठी उभे आहे. ख्रिस्ती साधनांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने ही जागा दुर्लक्षू नये.

कॉप्टिक ही इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा मात्र पहिली भाषा म्हणून घेऊ नये. 1945 मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या आद्य ख्रिस्ती हस्तलिखितांचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण त्यांतील बहुतेक मजकूर ग्रीकवरून आलेला मानला जातो आणि लिपीही मुख्यतः ग्रीकच आहे. ग्रीक झाल्यावर ती वाट बरीच सोपी होते.

परदेशात एकाच विभागात दोन-तीन भाषा मिळू शकतात, पण तेथे पायाभूत व्याकरणावर घालवलेले प्रत्येक सत्र फार महाग पडते. म्हणून ज्याचा विषय अजून पक्का झालेला नाही, त्याने घरीच ग्रीकपासून सुरुवात करावी, कारण स्वतः शिकण्याची पुस्तके आणि कोश तिच्यासाठीच सर्वाधिक आहेत. जोडीला काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात वाचनापुरते जर्मन शिकावे, परदेशात पीएच.डी. करायची असल्यास ते पुढे बहुधा लागते. कोट्टयमचा निर्णय वर्षभराने, एखादे शुभवर्तमान मुळातून वाचून झाल्यावर घेतला तरी उशीर होत नाही.